मेंदूतली वीज आणि पेशीतली केमिस्ट्री, गाठ कुठं पडते?

प्रश्न: सर, मी एमएस्सी फिजिक्सला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. प्रोजेक्टला न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या पेशीचं, मॉडेल घेतलंय, त्यात नुसतं व्होल्टेज आणि करंट. आमची ताई बायोटेकवाली, ती म्हणते खरा खेळ प्रोटीन आणि जीन्सचा, तुझं वायरिंग वरवरचं. दोन्ही एका मॉडेलात बसतं का, की नुसतं बोलायला बरं वाटतं?

उत्तर: बसतं की, पण सांभाळून बसवावं लागतं. तुझं मॉडेल बहुतेक हॉजकिन-हक्स्लीचं असणार, १९५२ चं, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अ‍ॅक्सॉनवरून (न्यूरॉनचा निरोप नेणारा लांब धागा) काढलेलं. त्यात चॅनेल, म्हणजे आयन आत-बाहेर सोडणारी पेशीची दारं, किती हा आकडा आपण एकदा टाकतो आणि विसरतो. खऱ्या पेशीत चॅनेल म्हणजे प्रोटीनच, ती बनतात, मोडतात, आणि किती बनवायची हे पेशी आधी झालेलं फायरिंग, म्हणजे सुटलेले विजेचे झटके, बघून ठरवते. इथं ताई जिंकली.

दोन्हीकडं निरोप नेणारा गडी म्हणजे कॅल्शियम. स्पाइक, म्हणजे असा एक झटका, आला की व्होल्टेजवर उघडणारे चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, एन्झाइम जागी होतात, सिनॅप्सची, म्हणजे दोन न्यूरॉनमधल्या जोडाची, ताकद बदलते आणि काही वेळा निरोप थेट जीन्सपर्यंत जातो.

खरा घोळ वेळेचा आहे. स्पाइक एखाद्या मिलिसेकंदाचा आणि प्रोटीन बनून जागेवर पोचायला मिनिटं, कधी तास. पंचगंगेचंच बघ ना, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, ते गाठलं जाईल का हे बघायला दाजीपुरातला थेंब न् थेंब कोण मोजत बसत नाही, तासाचा पाऊस धरला की भागतं. पण राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला तर तो क्षण सोडून चालत नाही. तसंच इथं, वीज बारीक पावलांनी चालवायची, केमिस्ट्री मोठ्या पावलांनी, आणि ठरलेल्या वेळी दोघांचा हिशोब जुळवायचा.

आणखी एक गंमत. डेंड्राइटवरच्या (न्यूरॉनची निरोप घेणारी फांदी) छोट्या स्पाइनचं, म्हणजे बारक्या फुगवट्याचं, आकारमान ०.१ फेम्टोलिटर धर आणि शांत असताना कॅल्शियम १०० नॅनोमोलर, अ‍ॅव्होगाड्रोच्या आकड्यानं (एका मोलमधले कण) गुणून बघ, मोकळे आयन येतात जेमतेम सहा! एवढ्याशा संख्येला कॉन्सन्ट्रेशन म्हणायचं तरी कसं? तिथं गिलेस्पीची १९७७ ची, नशिबावर चालणारी पद्धत लागते, म्हणजे पुढची रिअॅक्शन कुठली आणि कधी हे फासे टाकून ठरवायचं.

टूल हवं असेल तर बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत उपिंदर भल्लांच्या लॅबमध्ये तयार झालेलं 'मूस' नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, पायथॉनमधून चालतं, वीज आणि केमिस्ट्री दोन्ही करतं. याच भल्लांनी अय्यंगारांबरोबर १९९९ मध्ये दाखवलं होतं की सिग्नलच्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या की थोडा वेळ मिळालेला धक्का पेशी नंतरही धरून ठेवू शकते.

एकदम अख्ख्या मेंदूतल्या ८६ अब्ज न्यूरॉनच्या मागं लागू नको हां. एक कप्पा, एक कॅल्शियम चॅनेल, एक एन्झाइम, बास. आणि करंटवरून कॅल्शियम काढताना भागाकारात २ घालायला विसरू नको, आयनवर दोन चार्ज असतात, नाहीतर आकडा दुप्पट येतो आणि पोरं आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसतात.