टाळायच्या गोष्टींची यादी

ख्रिस्ती विश्वासात वाढलेली तरुण मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न निरनिराळे असतात, पण खोदत गेलं की बऱ्याचदा एकच निघतो. ऑफिस, मोबाईल, मित्रमंडळी, सिनेमे या सगळ्यात राहून पवित्र जीवन जगता येतं का, की या सगळ्यातून बाहेरच पडावं लागतं? अशाच एकाची ही हकिकत. त्याला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.

तो पंचविशी ओलांडलेला, एका कंपनीत हिशेब विभागात कामाला. खुर्चीत बसता बसताच त्याने मोबाईल पुढे केला. त्यात एक यादी होती, वर शीर्षक 'टाळायचं'. सगळ्या वेब सिरीज, काही गायक, ऑफिसचा ग्रुप, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा, रस्त्यावरचे जाहिरातींचे फलक. एका सहकारी मुलीचंही नाव होतं, कारण तिच्या विनोदांवर त्याला हसू येतं. प्रत्येक नोंदीपुढे तारीख.

मग त्याने पाळकांना, म्हणजे त्याच्या चर्चच्या धर्मगुरूंना, पाठवलेले मेसेज दाखवले. 'पाळकसाहेब, आज एका थट्टेवर हसलो. पाप झालं का?' उत्तर होतं, 'नाही रे, निवांत झोप.' त्याखाली लगेच पुन्हा याचाच मेसेज: 'पण मी अगदी मनापासून हसलो होतो.'

मला यादीपेक्षा हा दुसरा मेसेज महत्त्वाचा वाटला. सदसद्विवेकबुद्धी टोचते तेव्हा ती नेमकं बोट ठेवते: अमुक बोललास, जा, माफी माग. माफी मागितली की ती गप्प होते. चिंतेचं तसं नसतं. तिला उत्तर मिळालं की ती त्या उत्तरातच नवी फट शोधते. पाळक जितकं समजावत, तितकी याची पुढची शंका तयार. चूक पाळकांची नव्हती. मायेने समजावणारा कुणीही यात अडकतो.

त्याला मी पुढे प्रोटेस्टंट धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरबद्दल सांगितलं. 1505 मध्ये जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात गेलेला हा तरुण संन्यासी पापांगीकाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला, बसला की तासन् तास उठत नसे, आणि त्याचे वडीलधारे श्टाउपित्स अगदी जेरीस येत. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. 1522 च्या सुमाराला स्पेनमधल्या मानरेसा गावी तो अशाच शंकांनी इतका ग्रासला होता की जीव द्यावासा वाटे. त्याच्या धर्मगुरूने सांगितलं, जुन्या पापांपैकी जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच कबूल कर, बाकीचं सोड. पण त्याला सगळंच स्पष्ट वाटत होतं, त्यामुळे त्या सल्ल्याचा काडीचा उपयोग झाला नाही! यावर माझ्यासमोर बसलेला तो तरुण पहिल्यांदा हसला. (हे यादीत जाणार का, असं मी विचारलं नाही.)

धार्मिक शंकाकुलतेला आज मानसोपचारात मंत्रचळाचा (ओसीडीचा) एक प्रकार मानतात. रोजचा तासाहून अधिक वेळ त्यात जात असेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर नुसती प्रार्थना वाढवून भागत नाही. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषध दिलं नाही, पण खात्री करून घेण्याची सवय मोडायला सांगितली. पाळकांशी ठरलं की रात्रीच्या मेसेजला उत्तर 'गुरुवारी बोलू' एवढंच. सुरुवातीला त्याला हे निर्दयपणाचं वाटलं. पण गुरुवार येईपर्यंत बहुतेक प्रश्न त्याच्याच लक्षात राहत नसत.

इथवर चिंतेचा भाग झाला. पण चिंता ओसरली तरी मूळ प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. 'मग सगळं चालतं का?' त्याने विचारलं. नाही चालत. त्याच्या यादीत एक नोंद होती जिच्यावर मी मुळीच सूट दिली नाही: रात्री उशिरा पाहिले जाणारे व्हिडिओ. त्याबद्दल बोलताना तो बाकी गोष्टींसारखा भडाभडा बोलत नव्हता. नजर खाली, वाक्यं अर्धी. चिंता आणि खरा दोष यांतला फरक मला असा आवाजातही कळतो. तिथे उपाय रोखठोक केले. मोबाईल झोपायच्या खोलीबाहेर, आणि चर्चच्या मंडळीतल्या एका विश्वासू मित्राला सगळं खरं सांगायचं. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात म्हटलंय ते याचसाठी, असं मी मानते. पाळकांना शंभर मेसेज करण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं, म्हणूनच त्याने ते यादीत दडवून ठेवलं होतं.

मग बायबलमधल्या दानीएलाकडे वळलो, बाबेलच्या राजाने पकडून नेलेल्या यहुदी तरुणाकडे. तो त्याचा आवडता. 'त्याने राजाचं अन्न नाकारलं,' तो लगेच म्हणाला. बरोबर, पण त्याआधी त्याने काय काय स्वीकारलं ते पाहू, म्हटलं. खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा शिकला, त्यांचे ग्रंथ शिकला, राजदरबाराची चाकरी पत्करली. बेल्टशस्सर हे परक्या दैवताशी जोडलेलं नावसुद्धा चालवून घेतलं. नकार दिला तो एका ठिकाणी, आणि तोही अधिकाऱ्याला विनंती करून: 10 दिवस शाकान्न आणि पाणी देऊन पाहा, मग ठरवा. बाबेलला दूषणं दिली नाहीत की कोपऱ्यात जाऊन बसला नाही. प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात बजावतो की जगातल्या पापी लोकांशी संबंधच नको म्हटलं, तर जगातूनच निघून जावं लागेल. आणि येशू तर शिष्यांसाठी प्रार्थना करताना साफ म्हणतो, त्यांना जगातून काढून घे असं माझं मागणं नाही, त्यांना वाइटापासून राख.

'मग पवित्र असणं दिसतं कुठे?' हा त्याचा प्रश्न मला फार आवडला. त्याला बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 19 वा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितलं. पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे, अशी सुरुवात. येशूचा शिष्य पेत्र पुढे आपल्या पत्रात हीच आज्ञा उचलून धरतो. माणसाला वाटतं, आता सोवळ्याओवळ्याची नियमावली येणार. येतं काय? पीक कापताना शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा. खोटं बोलू नका. चहाड्या करत फिरू नका. तराजू खरा ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवून घेऊ नका.

मजुरीच्या या तेराव्या वचनाशी तो अडखळला. पुन्हा वाचलं. मग सांगू लागला. बाहेरून काम करून देणाऱ्या एका डिझायनर बाईंचं बिल त्याच्याकडे कित्येक आठवडे पडून होतं. साहेबांचा हुकूम होता, तिमाही संपेपर्यंत लटकवून ठेव. बाई फोन करत आणि हा सांगे, 'मॅडम, फाईल वर गेलीय.' फाईल त्याच्याच कॉम्प्युटरवर होती.

यादीत ही नोंद कुठेच नव्हती. त्याला ती पापाच्या खात्यातली वाटलीच नव्हती. ते 'ऑफिसचं काम' होतं. माझ्या मते आधुनिक संस्कृती आपल्याला सर्वात जास्त इथेच गिळते. गाणी, कपडे, सिनेमे यांच्याबाबतीत आपण डोळ्यांत तेल घालून बसतो, आणि पैसा, मुदती, हुकूम यांच्या नावाखाली येणारा खोटेपणा बिनबोभाट आत शिरतो. मंडळीतल्या प्रवचनांचाही यात वाटा आहे. तोकड्या कपड्यांवर जितकं बोललं जातं, तितकं अडवलेल्या बिलांवर बोललं जात नाही.

त्याने साहेबांना सांगितलं की बिल रोखायचं तर रोखा, पण खोटं कारण मी सांगणार नाही. बाईंनाही फोन करून खरं काय ते सांगितलं. साहेब वैतागले. बिल लगेच निघालं नाही, काही आठवड्यांनी निघालं, आणि असले फोन आता दुसऱ्या कुणाकडे वळवले जातात. म्हणजे व्यवस्था सुधारली वगैरे काही नाही.

ऑफिसच्या ग्रुपमध्ये तो परत गेला. त्या सहकारी मुलीच्या विनोदांवर हसतो. एकाच्या निरोप समारंभाला जाऊन आला, दारूचा ग्लास नको म्हणाला. पुन्हा कुणी आग्रह केला नाही. वेब सिरीज मात्र अजून पाहत नाही. बाकीच्यांनी पाहू नये असं त्याचं म्हणणं नाही. प्रत्येकाने आपापल्या मनाची खात्री करून घ्यावी, हा रोमकरांच्या पत्रातला सल्ला त्याला पटलाय.

शेवटच्या भेटीत त्याने नवीच गोष्ट काढली. ऑनलाईन जुगाराचं ॲप चालवणाऱ्या कंपनीकडून नोकरीचा प्रस्ताव आला होता, पगार बराच जास्त. पूर्वीचा तो असता तर 'हे पाप आहे का' एवढंच विचारून उत्तराची वाट पाहत बसला असता. या वेळी तो तयारीने आला होता: या कंपनीचा पैसा नेमका कुणाच्या खिशातून येतो, हरणारे लोक कोण असतात, आपल्याला कशावर सही करावी लागेल. निर्णय मी सांगितला नाही, त्यानेही मागितला नाही. कंपनीला त्याचं उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं, आणि त्याआधी त्या मित्राला भेटायचं म्हणून तो वेळेआधीच उठला.