माळावरचा एकटा डोंगर

प्रश्न : मुलगा अमेरिकेत बॉयसीला असतो. त्याच्याकडे गेले असताना आयडाहोतल्याच आर्को गावाजवळ सपाट माळावर एकटाच डोंगर दिसला, बिग सदर्न ब्यूट. पूर्वीचे वाटसरू त्याच्या खुणेने चालत, असं मुलगा म्हणाला. हा आपल्या सह्याद्रीतल्या सुळक्यांसारखाच का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, दोघंही ज्वालामुखीचीच लेकरं, पण जन्म अगदी उलटा. सह्याद्रीत बसाल्टचे थर आडवे पसरले, मग भोवतीचं झिजून गेलं आणि उरलं त्याला आपण सुळका म्हणतो. बिग सदर्न ब्यूट मात्र सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी खालून वर आला. तुम्ही सांगलीच्या, तेव्हा गुऱ्हाळ पाहिलंच असेल. काकवी ओतली की पसरते. गूळ आळत आला की जिथे पडेल तिथेच ढीग होतो. बसाल्टचा लाव्हा काकवीसारखा. हा डोंगर रायोलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाचा आहे; त्यात सिलिका (वाळूत असते तेच द्रव्य) जास्त, म्हणून तो लाव्हा घट्ट. तो वाहिला नाही, फुगत गेला आणि माळापासून साडेसातशे मीटर उंच झाला.

मला सगळ्यात आवडते ती त्याची उत्तरेची कूस. वर येताना त्याने आपल्यावर पसरलेले जुने बसाल्टचे थरच्या थर उचलले. ते तिथे आजही तिरके टेकलेले आहेत, फरशी फोडून झाडाचं मूळ वर यावं तसे.

आता वाटसरूंचं. डोंगराजवळून जाणारी ती वाट मुळात तिथल्या आदिवासी शोशोनी लोकांची. १८६२ साली टिम गुडेल या वाटाड्याने तिच्यावरून पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्या लोकांच्या ३०० हून जास्त गाड्यांचा तांडा नेला. फोर्ट हॉल या ठाण्याजवळ स्नेक नदी सोडायची आणि थेट या डोंगराच्या रोखाने निघायचं. नदी सोडणं म्हणजे काय, हे दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. त्या माळावर पाणी टिकत नाही. बिग लॉस्ट ही अख्खी नदी लाव्ह्याच्या भेगांत जिरून जाते, नावच 'हरवलेली'. डोंगराच्या कुशीत मात्र झरे आहेत. पोरंबाळं, तहानलेले बैल आणि समोर दिवसभर तोच एक डोंगर, चालून चालून जवळ न येणारा!

डोंगराच्या पुढे लाव्ह्याचे काळे खडक लागत. तिथे गाड्यांना खडक आणि उत्तरेकडच्या डोंगररांगांचा पायथा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून वाट काढावी लागे. पुन्हा गेलात तर क्रेटर्स ऑफ द मून या राष्ट्रीय स्मारकात थांबा. तिथून पूर्वेला हाच डोंगर दिसतो.