अंगठा बंद झाला तेव्हा

पोरी,

पुरवठा शाखेत नेमणूक झाल्याचं कळलं, पेढेही पोचले. साथीत कार्यालय कसं चालतं, असं विचारलंस. १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा तू पाठ केला असशीलच. मी आपलं रेशनचं सांगतो.

१२ एप्रिल २०२० ला पाच्छा पेठेत सोलापुरातला पहिला रुग्ण सापडला आणि गल्ल्यांच्या तोंडाला बांबू-पत्रे लागले. आत विडी वळणाऱ्या बायका. कारखाने आधीच बंद, त्यामुळे हातात मजुरी नाही, सुपं भिंतीला टेकलेली. त्याच दिवसांत आदेश आला: पॉस मशीनवर (धान्य कोणी उचललं ते अंगठ्यावरून नोंदवणारं रेशन दुकानातलं यंत्र) कार्डधारकाचा अंगठा घेऊ नये, दुकानदारानं स्वतःचा लावून धान्य द्यावं. एकाच काचेवर शंभर अंगठे म्हणजे संसर्गाला आमंत्रणच, तेव्हा निर्णय योग्यच होता. शिवाय विडी वळून या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. एरवी पदराला अंगठा पुसून पुसून त्या चारचारदा लावायच्या. तो त्रास वाचला.

पण अंगठा होता कशासाठी, हे मी विसरलो. एक म्हातारी पत्र्याच्या फटीतून कार्ड दाखवत म्हणाली, "माझं तांदूळ मीच नेलं म्हणे!" घरात तीन माणसं, माणशी ५ किलो मोफत तांदूळ. मशीनवर १५ किलोची उचल दिसत होती, तिच्या डब्यात दाणा नव्हता.

मग शंभर पानी वही आणली. कार्ड नंबर, किलो आणि रांगेतल्या पुढच्या माणसाची सही. दुकानाबाहेर एक शिक्षक बसवला. त्याला तेलुगू यायची, म्हणून पहिल्याच दिवशी कळलं की वाटपाच्या वेळेची आमची मराठी सूचना निम्म्या गल्लीनं वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून रिक्षावर भोंगा लावून तेलुगू, कन्नड, उर्दूत पुकारा. (सूचना मीच लिहिली होती, भाषाशुद्धीसह.)

वहीचा खर्च, रिक्षाचं भाडं, सगळं कार्योत्तर मंजुरीवर, म्हणजे आधी खर्च, मान्यता मागाहून. टिपणीत मी 'तोंडी आदेशानुसार' लिहिलं. कोणाच्या, ते लिहिलं नाही. पुढे लेखापरीक्षणात तेवढ्यावरून शेरा पडला आणि माझी पेन्शनची फाइल आठ महिने हलली नाही.

तेव्हा तोंडी आदेश आला की साहेबांचं नाव, तारीख, वेळ त्याच दिवशी लिही आणि त्यांनाच व्हॉट्सॲपवर पाठव. चिडतील. चिडू देत.

तुझा,
काका