ब्रूबेक क्वार्टेटची टेप लॅबला द्यायच्या आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुमच्या आजोबांनी १९५८ च्या दौऱ्यात ब्रूबेक क्वार्टेटला, म्हणजे अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौघांच्या जॅझ बँडला, मुंबईत ऐकलं, पुढे कुणीतरी १९६४ च्या बेल्जियमच्या टीव्ही कॉन्सर्टची व्हीएचएस त्यांना आणून दिली, आणि आता टेपची डिजिटल फाइल करून देणारा लॅबवाला म्हणतोय की आवाज क्लीन करून, फुल स्क्रीन करून पेन ड्राइव्हवर देतो. प्लीज, अजून देऊ नका.

माझ्याकडेही अशीच टेप होती. लॅबने न विचारता नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर काढणारं सॉफ्टवेअर, मारलं. आता बघा, बँडचा ड्रमर जो मोरेलो स्नेअर ड्रमवर तारांचा ब्रश फिरवतो तो आवाज म्हणजे जवळपास टेपच्या खरखरीसारखाच, सॉफ्टवेअरला फरक कळत नाही, ते दोन्ही पुसून टाकतं. माझ्या फाइलमध्ये मोरेलोचा हात ड्रमवर गोल फिरताना स्वच्छ दिसतो आणि ऐकू काहीच येत नाही! वर चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं, सडपातळ सॅक्सोफोनवाला पॉल डेझमंड चांगला जाडजूड दिसतोय. काउंटरवर गेले तर उत्तर काय, "मॅडम, खरखर गेली ना, मग तक्रार कसली?" बरं, मूळ टेप परत द्या म्हटलं तर ती म्हणे पॉलिसीप्रमाणे स्क्रॅपमध्ये गेली. पावतीवर तसं एक अक्षर नाही. आजही आठवलं की संताप होतो.

म्हणून लॅबकडून आधी लेखी घ्या: टेप परत मिळणार, आवाजाला हात लावायचा नाही, चित्र ४:३ च (जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं) ठेवायचं, आणि काहीही बदल न केलेली कच्ची फाइल वेगळी द्यायची. क्लीनिंग नंतर कधीही करता येतं, पुसलेलं परत येत नाही. मी इंजिनिअर नाही, हे सगळं अनुभवाचं सांगतेय, कुणाचं मत वेगळं असू शकतं.

टेपवर पांढरी बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, टेप वाचणारं त्याचं हेडही खराब होईल.

आणि फक्त कॉन्सर्टच बघायची असेल तर जॅझ आयकॉन्स या डीव्हीडी मालिकेत १९६४ ची बेल्जियमची आणि १९६६ ची जर्मनीची एकाच डीव्हीडीवर आहे, सेकंडहँड शोधा. घेण्याआधी रीजन कोड (डीव्हीडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो आकडा) तेवढा तपासा, भारताचा ५ आहे, अमेरिकेचा १.