रांगोळीला चार तास, गणिताला दहा मिनिटं

"मनात असलं की बरोबर लक्ष लागतं तिचं, मॅडम. मग हा आजार कसला?"

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या अवस्थेचं, नाव काढलं की हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. मुलगा असेल तर मोबाईलचं नाहीतर क्रिकेटचं उदाहरण पुढे येतं. सायलीच्या बाबांनी रांगोळीचं दिलं. (नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

सायली नववीत, मराठी माध्यमात. दिवाळीत एकवीस ठिपक्यांची रांगोळी घालायला बसली की चार-चार तास जागची हलत नाही. जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाही. तीच मुलगी गणिताला बसवली की दहा मिनिटांत पाणी प्यायला उठते, पेन्सिलीला टोक करते, मग खिडकीबाहेर बघत राहते. वैतागून बाबांनी रांगोळीचे डबे कपाटात घालून कुलूप लावलं होतं. घटक चाचणीत मार्क दिसले की मिळतील, असा करार.

शाळेत तिचा कुणालाच त्रास नव्हता. दंगा नाही, उलट उत्तर नाही. वह्या तेवढ्या अर्धवट, आणि वर्गात 'वेंधळी' हे नाव पडलेलं. मुलींच्या बाबतीत हे फार होतं आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. बाकावर उड्या मारणाऱ्या मुलाला दुसरी-तिसरीतच कुणीतरी आमच्याकडे पाठवतं. जागेवर बसून हरवून जाणारी मुलगी मात्र वर्षानुवर्षं बोलणी खात राहते, आणि नववीत येईपर्यंत आपण मठ्ठ आहोत हे तिनं स्वतःच मान्य केलेलं असतं.

मी तिची गणिताची वही मागून घेतली. समीकरणाची मांडणी चोख, रीतही बरोबर. तिसऱ्या ओळीत वजा सातचं अधिक सात झालेलं, आणि तिथून खाली सगळं चुकलेलं. पुढच्या पानावर उदाहरण मध्येच सोडलेलं. समासात मात्र ठिपके, एकेक रेघ जोडत गेलेले. "खिडकीतून बघत होते हे मला नंतर कळतं," सायली म्हणाली, "पण लक्ष कधी गेलं ते कळत नाही." इतकं नेमकं वर्णन मोठ्या माणसांकडूनही क्वचित ऐकायला मिळतं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर याच पानावर होतं. एडीएचडीमध्ये लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तेव्हा, नको असलेल्या कामाला जुंपता येत नाही. रांगोळीत ओढलेली रेघ बरोबर की चूक ते त्याच क्षणी दिसतं, हात चालू राहतात, आकार डोळ्यांसमोर उमलत जातो. सरावसंच सोडवल्याचं फळ दिसणार ते महिन्यानं, चाचणीच्या मार्कांत. तिथे स्वतःला ढकलत नेणारी यंत्रणा लागते आणि या मुलांमध्ये तीच उशिरा पक्व होते. बाबांना पुरावा हवा होता, म्हणून अमेरिकेतला २००७ सालचा मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास सांगितला. मेंदूच्या बाह्य थराच्या निम्म्या भागांनी कमाल जाडी गाठण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात आलं, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. नियोजन आणि आवर घालण्याचं काम करणाऱ्या पुढच्या भागात हा फरक सर्वांत ठळक होता. बाबा गप्प झाले, पटलं असं काही म्हणाले नाहीत.

निदान माझ्या एकटीच्या सांगण्यावर झालं नाही, होऊही नये. डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि झोप आधी पाहिली. लक्षणं बारा वर्षांच्या आतली असावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यासाठी आईनं जपून ठेवलेली जुनी प्रगतिपुस्तकं कामाला आली. दुसरीच्या वर्णनात्मक नोंदीत 'सूचना पुन्हा द्याव्या लागतात' आणि 'साहित्य विसरते' हे स्वच्छ लिहिलेलं होतं. शेवटचं निदान मनोविकारतज्ज्ञांनी केलं.

घरी पहिलं काम म्हणजे कपाटाचं कुलूप काढणं. दिवसभर जिथे तिथे बोलणी खाणाऱ्या मुलीकडून, तिला जमणारी एकुलती एक गोष्ट शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. याबाबत मी अजिबात माघार घेत नाही.

दुसरं, 'अभ्यासाला बस' हे वाक्य बंद. त्याऐवजी, "सायली, गणिताची वही उघड, पहिलं उदाहरण उतरवून घे." सोडवायच्या आधी सगळ्या वजा चिन्हांना लाल गोल. पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजलं की उठायची मुभा. आई त्या वेळी शेजारी भाजी निवडत बसायची, पण वहीत डोकवायचं नाही आणि 'झालं का?' विचारायचं नाही. नुसतं शेजारी माणूस असण्यानं ही मुलं कामावर टिकतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. दप्तर रात्रीच भरून दाराशी; काय काय न्यायचं त्याचा कागद दारावरच, डोळ्यांच्या उंचीवर. समजावून सांगण्यानं इथे भागत नाही, कारण तिला सगळं माहीतच असतं. मदत लागते ती विसरण्याच्या जागी. वर्गशिक्षिकेनंही तिला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर घेतलं आणि शाळा सुटण्यापूर्वी गृहपाठाच्या नोंदीवर नजर टाकायचं कबूल केलं.

गोळ्यांची भीती आईला होती: "सवय लागेल का हो?" एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध १९५० च्या दशकापासून वापरात आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलं तर व्यसनाचा धोका कमी असतो. भूक आणि झोप मात्र कमी होऊ शकते, म्हणून वजन, नाडी, रक्तदाब तपासत राहावं लागतं. सायलीचा दुपारचा डबा परत येऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी गोळीआधी भरपेट न्याहारी द्यायला सांगितली. प्रत्येक मुलाला औषध लागतंच असं नाही. तो निर्णय डॉक्टर आणि पालकांचा.

पाण्याची बाटली ती अजूनही शाळेत विसरते. चाचणीत मार्क थोडे वाढले, फार नाही. पण उदाहरणं आता मध्येच सुटत नाहीत.

एक गोष्ट मी तिच्या पालकांना लगेच करायला लावली: अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या खास अडचणीची, तपासणी. मराठी लिहिताना तिच्या वेलांट्या, काने बरेच गळत होते. एडीएचडीबरोबर अध्ययन अक्षमता असणं नवलाचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दहावीला जादा वेळेसारखी सवलत हवी असेल तर ही तपासणी आणि प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात वेळ जातो. तुमचं मूल नववीत असेल आणि अशी शंका असेल, तर शाळेत याच महिन्यात विचारा.