तीन दिवसांची मुंबई, बोरिवलीचं जंगल आणि फ्लेमिंगो: आधी वार बघा, मग तिथी

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत साताऱ्याहून शनिवार-रविवार-सोमवार मुंबईला येताय, बरोबर सत्तरीतले आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे, बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि फ्लेमिंगो बघायचेत, तर आखणी कशी करावी आणि काळजी काय घ्यावी.

सोमवार नॅशनल पार्कसाठी ठेवला असेल तर तो बेत आत्ताच मोडा. सोमवारी पार्क बंद असतं. हे मला माहीत असायला हवं होतं, कारण बँकेच्या तपासणीच्या नोकरीत गावोगाव फिरताना सकाळचे दोन तास तिथल्या बागेत काढायचे, ही माझी वीस वर्षांची सवय. तरी नागपूरच्या मावशीला घेऊन मी सोमवारीच बोरिवलीला पोचले. बंद गेट, रिक्षा निघून गेलेली, आणि मावशी म्हणते, "अगं, तुझ्या मुंबईत जंगलालाही सुट्टी?" तेव्हापासून मी कुठेही निघताना आधी साप्ताहिक सुट्टी बघते. राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद, पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालयही बुधवारीच, ताडोबा मंगळवारी. सगळ्यांचा एक वार नाही, त्यामुळे पाठ करण्यात अर्थ नाही. निघायच्या आदल्या दिवशी बघायचं.

म्हणून तुमच्यासाठी शनिवार सकाळ बोरिवलीला. रविवारी सगळी मुंबई तिथे लोटते. गेट उघडतं तेव्हाच आत असा. दहानंतर ऊन चढतं, पक्षी गप्प होतात आणि माणसं बोलायला लागतात.

हे जंगल शंभर चौरस किलोमीटरहून थोडं मोठं आहे, पण आपल्यासारख्यांना मोकळा असलेला भाग त्यातला थोडासाच. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच जंगलात आहेत. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय जायचं नाही. मुलीला "बिबट्या दाखवते" असं कबूल करू नका. बिबटे आहेत, चांगले आहेत, पण ते रात्रीचे गडी. दिसला नाही तर तो आपल्या वाटेला गेला नाही म्हणून आनंद माना. जाळीच्या बसमधली वाघ-सिंहांची सफारी वेगळी, तिला जंगल समजू नका. मुलं मात्र खूश होतात, तेव्हा नाक मुरडण्याचं कारण नाही.

आई-वडिलांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे कान्हेरी, म्हणजे याच जंगलातली डोंगरात कोरलेली जुनी बौद्ध लेणी. मुख्य गेटापासून ती सहा-सात किलोमीटर आत, चढावर आहे, त्यामुळे सत्तरीतल्या माणसांनी चालत जाऊ नये. आतून वाहनांची सोय असते. तुमची स्वतःची गाडी आत नेता येईल का आणि परतीची शेवटची गाडी कधी, हे दोन प्रश्न गेटावरच विचारून घ्या. लेण्यांचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ते वेगळं पडतं; बरेच लोक पार्कचं तिकीट हातात नाचवत वर वाद घालताना दिसतात.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत, पण ती सगळी बघण्याच्या फंदात पडू नका. आई-बाबांना तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन, पुरे. ते तिकीटखिडकीपासून जवळ आहे, आणि त्याच्या व्हरांड्याच्या दोन टोकांना बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. तिथे सावलीत बसा. तुम्ही आणि मुलगी वर जाऊन या. मुलीला मूर्तींपेक्षा पाणी दाखवा. लेण्यालेण्याशेजारी खडकात कोरलेली टाकी आहेत, जुन्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. पावसाचं पाणी त्यांत उतरवणारे पाटही दगडात खोदलेले दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षूंनी डोंगरावर पाण्याची सोय कशी केली, हे मुलांना चटकन कळतं. पायऱ्या मात्र झिजून गुळगुळीत झाल्यात. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर मी एकदा बसल्या बसल्या चार पायऱ्या उतरले आहे.

माकडांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. कान्हेरीची माकडं तुमच्याकडे बघत नाहीत, पिशवीकडे बघतात. कागदाचा किंवा प्लास्टिकचा कुरकुर आवाज झाला की संपलं. माझ्या हातातून चिक्कीचं पाकीट गेलं तेव्हा मी ते ओढून धरलं, तो मूर्खपणा होता. नखं लागली असती तर सुट्टी दवाखान्यात गेली असती. हिसकलं तर सोडून द्या, डोळ्याला डोळा भिडवू नका, त्यांच्या भाषेत ती धमकी असते, आणि दात दाखवून हसूही नका. खायला तर मुळीच घालू नका. वनखात्याची मनाई आहेच, शिवाय तुम्ही दिलेल्या एका केळ्याची वसुली ते माकड मागून येणाऱ्या लहान मुलाकडून करतं. खाऊ स्टीलच्या डब्यात, डबा पाठीवरच्या बंद सॅकमध्ये. पोळी-भाजी लेण्यांवर उघडू नका, खाली उतरल्यावर खा. पाण्याला स्टीलची बाटली घ्या; गेटावर प्लास्टिकची झडती होते आणि व्हायलाच हवी.

आता फ्लेमिंगो. इथे वार चालत नाही, भरती-ओहोटी चालते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर शिवडीला फ्लेमिंगो चिखलात उतरतात. तिथे जाऊन "एकही पक्षी नव्हता" म्हणणारे लोक बहुतेक भर भरतीला किंवा पूर्ण ओहोटीला गेलेले असतात. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी दुसरीकडे विसाव्याला जातात. पूर्ण ओहोटीला ते पाण्याच्या कडेने इतके लांब सरकतात की नुसत्या डोळ्यांना गुलाबी रेघ दिसते. मधली वेळ साधायची, म्हणजे पूर्ण भरतीच्या आधी किंवा नंतर साधारण तीन तास.

भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं. पण तुमच्या बाबांना कोकणातला जुना हिशोब सांगा, आवडेल: चालू तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या आसपास भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कालनिर्णय भिंतीवर असेल तर बेत आखायला एवढं पुरतं. आणखी एक, शिवडीचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे. सकाळी गेलात तर सूर्य थेट डोळ्यात आणि पक्षी काळेकुट्ट दिसतात. दुपारी उन्हं पाठीमागे असतात तेव्हा गुलाबी रंग खरा उठतो. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपासचे दिवस सोयीचे: भरती दुपारी बाराच्या पुढेमागे, मग तीनच्या सुमाराला पाणी ओसरू लागलेलं आणि ऊन तुमच्या पाठीशी.

शिवडी हार्बर लाइनवर आहे. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याच्या वेळा, बघा. किनाऱ्यावर स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका, वासाची आई-वडिलांना आधीच कल्पना द्या, आणि चिखलात एक पाऊलही टाकू नका. वरून वाळलेला दिसतो, खाली गुडघ्याएवढा असतो. दुर्बीण नसेल तर कुणाची तरी मागून आणा. तिच्याशिवाय निम्मी मजा जाते.

हे सगळं वडीलधाऱ्यांना जड वाटलं तर नवी मुंबईतल्या ऐरोलीचा पर्याय माझ्या मते तुमच्यासाठी शिवडीपेक्षा बरा. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि 2022 मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने पक्ष्यांच्या पुष्कळ जवळ जाता येतं, बसायला जागा असते, चढ-उतार नाही. बोटीला पाणी लागतं, त्यामुळे फेरीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. आधी नोंदणी करून वेळ पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा, उलटं नको. बोटीत उभं राहायचं नाही, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. असे टाळ्या वाजवणारे काका प्रत्येक फेरीत एक तरी असतातच.

सोमवारी परत निघण्याआधी दोन तास मोकळे असतील तर राणीची बाग उघडी असते. पेंग्विनपुढची गर्दी टाळा आणि जुनी झाडं बघा. ही बाग 1861 पासूनची आहे, आणि तिथल्या गोरखचिंचेचं खोड बघून मुलगी तिला मिठी मारायचा प्रयत्न करेलच.

कपड्यांचं थोडक्यात: पांढरे-लाल भडक नकोत, मातकट बरे. पूर्ण बाह्या, टोपी. अत्तर नको. बाबांची गोळ्यांची डबी त्यांच्याच खिशात असू द्या, तुमच्या सॅकमध्ये नको, कारण सॅक घेऊन तुम्ही वरच्या लेण्यांत असाल आणि ते खाली.

मुलगी कंटाळेल का, असंही तुम्ही विचारलंय. माझा भाचा त्याच वयाचा असताना पंधरा मिनिटांत कंटाळला होता. फेब्रुवारीत तांबट पक्षी एका जागी बसून टुक टुक करत राहतो, म्हणून मी त्याला ते टुक मोजायला बसवलं. 114 पर्यंत तो एका दमात पोचला, मग शेजारून गेलेल्या मंडळींनी स्पीकर लावला आणि पक्षी थांबला. भाच्याने त्या मंडळींना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.