फिल्टर घेण्याआधी पाणी तपासून घ्या
घाई नको. टीडीएस मीटरवरचा आकडा (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे. नवखी मंडळी हमखास इथेच फसतात. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येतो, त्याची चाचणी वेगळी. लिटरमागे 180 मिलिग्रॅमच्या वर गेला तर पाणी फारच जड समजा. गीझरच्या कॉइलवर साचलेला पांढरा, खरवडला तरी न सुटणारा थर पाहिलात ना? तोच हा जडपणा.

मग एवढंच लक्षात ठेवा:
- यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) जंतू मारतं, कार्बन क्लोरीनचा वास घालवतो. क्षार दोघांनाही हटत नाहीत.
- आरओ (बारीक पडद्यातून क्षार गाळणारं) पिण्यापुरतं, तेही क्षार खरंच जास्त असतील तरच. बरंच पाणी वाया जातं.
- गीझर, वॉशिंग मशीन वाचवायला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र). त्यात मीठ वेळच्या वेळी घाला.

फिल्टरचं काडतूस (आतला बदलायचा भाग) बदलल्याची तारीख मशीनवरच चिकटवा.